दाराची सुरक्षित बाजू कोणती?

आज आपण एका प्रश्नापासून सुरुवात करू. आगगाडीच्या दारात काही बिघाड झाला, तर ते दार उघडे राहिलेले बरे, की बंद राहिलेले बरे? पुढे वाचण्यापूर्वी तुमचे उत्तर वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. लेखाच्या शेवटी ते पुन्हा तपासून पाहू.

हा प्रश्न विचारण्याला कारण आहे. रेल्वेच्या तंत्रज्ञानात एक फार जुने आणि शहाणपणाचे तत्त्व आहे. यंत्र केव्हा तरी बिघडणारच, हे गृहीत धरायचे आणि ते बिघडले तरी सुरक्षित बाजूलाच झुकेल अशी त्याची रचना करायची. जुना हाताचा सिग्नल घ्या. त्याची तार तुटली, तर वजनामुळे हात आपोआप आडवा होतो, म्हणजे 'थांबा' दाखवतो. गाडीचा हवेचा ब्रेक घ्या. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७० च्या दशकात त्याची रचनाच अशी केली, की नळीतील हवेचा दाब कमी झाला की ब्रेक लागावेत. त्यामुळे नळी फुटली किंवा डबे सुटले, तर गाडी आपोआप थांबते. सिग्नलची सुरक्षित बाजू 'थांबा' आणि ब्रेकची सुरक्षित बाजू 'लागलेला'. यात शंकेला जागा नाही.

दाराचे मात्र तसे नाही. त्याची सुरक्षित बाजू कोणती हे ठरवताना भल्याभल्यांना विचार करावा लागतो. कसा, ते आपण मुंबईच्या लोकल गाडीच्या उदाहरणावरून पाहू.

उघड्या दारातील भौतिकशास्त्र

मुंबईत विजेवर चालणारी पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. तेव्हापासून गाड्यांचे रूप बरेच बदलले, तरी साध्या लोकलची दारे चालत्या गाडीतही उघडीच राहत आली आहेत. गर्दीच्या वेळी प्रवासी दारात उभे राहतात, काही तर बाहेर लटकतात. चालत्या गाडीतून पडून दरवर्षी शेकडो लोक प्राण गमावत आले आहेत. ९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा आणि मुंब्रा या स्थानकांच्या दरम्यान, वळणावर, परस्परविरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासले आणि खाली पडले. त्याच दिवशी त्यांच्यापैकी चार जणांचा मृत्यू झाला.

असे का होते? 'माणसे बेफिकीर असतात' एवढे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. दारात उभ्या असलेल्या माणसावर कोणती बले काम करतात, ते क्रमाने पाहू.

समजा, गाडीचा वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजेच सेकंदाला २० मीटर आहे आणि ती ४०० मीटर त्रिज्येच्या वळणावरून जात आहे. वर्तुळाकार मार्गावर फिरणाऱ्या वस्तूला केंद्राकडे त्वरण लागते आणि त्याचे सूत्र आहे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. २० चा वर्ग ४००, भागिले ४००, म्हणजे १ मीटर प्रति सेकंद वर्ग. ५० किलोग्रॅम वस्तुमानाच्या मुलाला या त्वरणासाठी ५० न्यूटन बल हवे. हे बल त्याला कोणी तरी पुरवले पाहिजे. नाही तर जडत्वामुळे तो सरळ रेषेत जाईल आणि गाडी त्याच्या पायांखालून वळून जाईल. बाहेरच्या बाजूच्या दारात उभा असलेला मुलगा याच कारणाने बाहेर पडतो. त्याला कोणी बाहेर ओढत नाही; आत ओढणारे बल अपुरे पडते.

रेल्वेचे अभियंते यासाठी वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा उंच ठेवतात. त्यामुळे डबा आतल्या बाजूला झुकतो आणि गुरुत्वाकर्षण काही मदत करते. पण ही उंची एका ठरावीक वेगासाठी नेमलेली असते. त्याहून वेगाने गेल्यास माणसे बाहेरच्या बाजूला कलतात, आणि फार हळू गेल्यास आतल्या बाजूला. समजा, आपल्या उदाहरणात रुळाच्या उंचीने निम्मी गरज भागली. मग प्रत्येकाला २५ न्यूटन बल स्वतः मिळवायचे उरले. एकट्या माणसाला ते अवघड नाही. अडीच किलोग्रॅमची पिशवी उचलण्याइतकेच बल ते!

पण गर्दीच्या गाडीत तो एकटा नसतो. त्याच्या मागे दहा जण दाटीवाटीने उभे आहेत आणि त्यांचे हात कोणत्याही कडीपर्यंत पोहोचत नाहीत, असे समजा. त्यांनाही प्रत्येकी २५ न्यूटन बल हवेच आहे. पायांच्या घर्षणाने ते मिळाले नाही, तर ते पुढच्या माणसावर रेलतात, तो त्याच्या पुढच्यावर, आणि सगळा भार शेवटी दारातल्या माणसावर येतो. वाईटात वाईट स्थितीत हे बल १० गुणिले २५, म्हणजे २५० न्यूटन होईल. त्याचे स्वतःचे २५ मिळवून २७५ न्यूटन. म्हणजे सुमारे २८ किलोग्रॅम वजन एका हाताने पेलण्यासारखे झाले, आणि तेही घामाने ओल्या झालेल्या दांड्याला धरून! दारातला माणूस पुष्कळदा स्वतःच्या नव्हे, तर दुसऱ्यांच्या जडत्वामुळे पडतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

वळणावर दोन गाड्या जवळ येतात

आता दुसरी बाब. डबा ताठ असतो, तो वळणाबरोबर वाकत नाही. तो दोन बोगींवर टेकलेला असतो. भूमितीच्या भाषेत बोलायचे तर रूळ हा वर्तुळाचा कंस आणि दोन बोगींना जोडणारी डब्याची मध्यरेषा ही त्याची जीवा. म्हणून डब्याचा मधला भाग कंसाच्या आत सरकतो आणि दोन्ही टोके कंसाच्या बाहेर जातात.

किती सरकतात, हे दहावीतल्या एका प्रमेयाने काढता येते. वर्तुळाच्या दोन जीवा एकमेकींना छेदतात, तेव्हा एकीच्या भागांचा गुणाकार दुसरीच्या भागांच्या गुणाकाराइतका असतो. त्यावरून जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंतचे अंतर हे जीवेच्या लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, असे जवळजवळ बरोबर उत्तर येते. दोन बोगींमधले अंतर साडेचौदा मीटर धरा. १४.५ चा वर्ग सुमारे २१०, भागिले ३,२००, म्हणजे साडेसहा सेंटिमीटर. डब्याची लांबी साडेवीस मीटर धरली, तर त्याची टोकेही बाहेरच्या बाजूला जवळजवळ तेवढीच सरकतात. हे तुम्ही स्वतः करून पाहा.

आता दोन समांतर रूळमार्ग डोळ्यांपुढे आणा. आतल्या मार्गावरच्या डब्याचे टोक बाहेर आले आणि बाहेरच्या मार्गावरच्या डब्याचा मध्य आत आला, तर त्या जागी दोन गाड्यांमधले अंतर १३ सेंटिमीटरने कमी होते. शिवाय स्प्रिंगांवर डबे डोलतात ते वेगळेच. रूळ टाकणारे अभियंते हे सगळे हिशेबात धरून मोकळी जागा ठेवतात. पण ती जागा डब्यांसाठी असते. दारातून अर्धा हात बाहेर आलेले शरीर आणि त्यावर पाठीवरचे दप्तर त्या हिशेबात धरलेले नसते.

दोन्ही गाड्यांचा वेग सेकंदाला २० मीटर असेल, तर त्यांचा सापेक्ष वेग ४० मीटर होतो. एक चतुर्थांश किलोमीटर लांबीची गाडी सुमारे सहा सेकंदांत समोरून निघून जाते. काही दिसल्यावर अंग आत घ्यायला माणसाला कमीत कमी पाव-अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात दहा ते वीस मीटर अंतर कापले गेलेले असते.

एकच गाडी आणि रुळांजवळचा खांब घेतला, तरी हिशेब सुखाचा नाही. सेकंदाला २० मीटर वेगाने आपटणे म्हणजे किती उंचीवरून पडण्यासारखे? वेगाचा वर्ग भागिले गुरुत्व त्वरणाची दुप्पट: ४०० भागिले २०, म्हणजे २० मीटर. सहा मजली इमारतीच्या गच्चीवरून पडण्याइतके. दारात वाऱ्याला उभे राहणारा मित्र तुम्हाला भेटला, तर त्याला हे साधे गणित करून दाखवा.

मग दारे बंदच का करू नयेत?

असे कोणीही विचारील. उत्तर सोपे वाटते, पण बंद दारांबरोबर नवे प्रश्न येतात. पहिला प्रश्न हवेचा.

डबा २० मीटर लांब, ३.६ मीटर रुंद आणि आतून २.३ मीटर उंच धरला, तर त्याचे घनफळ सुमारे १६५ घनमीटर होते. त्यात ३०० माणसे उभी असतील, तर त्यांची शरीरे वजा करून हवेसाठी १५० घनमीटर, म्हणजे दीड लाख लिटर जागा उरते. एक माणूस तासाला सुमारे २० लिटर कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकतो. ३०० माणसे तासाला ६,००० लिटर, म्हणजे मिनिटाला १०० लिटर टाकतील. बाहेरच्या हवेत या वायूचे प्रमाण शेकडा ०.०४ च्या आसपास असते. सगळी छिद्रे बंद असतील, तर पंधरा मिनिटांत डब्यातले प्रमाण शेकडा एकच्या वर जाईल. ते शेकडा ०.१५ च्या आत ठेवायचे असेल, तर मिनिटाला सुमारे ९० घनमीटर ताजी हवा आत आली पाहिजे. म्हणजे दीड ते पावणेदोन मिनिटांत डब्यातली सगळी हवा एकदा बदलली पाहिजे!

उष्णतेचा प्रश्न तर त्याहून निकडीचा आहे. स्वस्थ उभा असलेला माणूस सुमारे १०० वॅट दराने उष्णता बाहेर टाकतो. ३०० माणसे म्हणजे ३० किलोवॅटची शेगडीच. यातली निम्मी उष्णता घामाच्या बाष्पीभवनात गेली असे समजू. उरलेली १५ किलोवॅट हवेला मिळेल. १५० घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १८० किलोग्रॅम. तिचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे १,८०,००० ज्यूल लागतात. भागाकार करा: १२ सेकंद! भिंती, पत्रा आणि बाके काही उष्णता शोषून घेतील, त्यामुळे प्रत्यक्ष वाढ इतकी झपाट्याने होणार नाही. तरीही साध्या लोकलची दारे आहेत तशीच नुसती लोटून घेणे का शक्य नाही, हे यावरून कळते. उघडे दार हीच त्या डब्याची वायुवीजनाची सोय आहे.

म्हणून मुंबईत दारे मिटणारी उपनगरी गाडी आली, ती वातानुकूलन घेऊनच. पश्चिम रेल्वेवर अशी पहिली गाडी २५ डिसेंबर २०१७ रोजी सुरू झाली. मुंब्र्याच्या अपघातानंतर रेल्वे मंत्रालयाने साध्या लोकललाही आपोआप मिटणारी दारे बसवण्याची योजना जाहीर केली. तिच्यात तीन गोष्टी होत्या: दारांना झडपांसारख्या फटी, छपरावरून ताजी हवा आत ढकलणारी यंत्रे आणि एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाण्याची वाट. या तीन गोष्टी कशासाठी, हे आता तुम्हीच सांगू शकाल. पहिल्या दोन हवेसाठी आणि तिसरी गर्दीचा भार सर्व डब्यांत वाटला जावा यासाठी.

दुसरा प्रश्न वेळेचा. दर तीन मिनिटांनी एक गाडी सोडली, तर तासाला वीस गाड्या होतात. दारे उघडण्यामिटण्यात, कोणी मध्ये आला तर पुन्हा उघडण्यात, प्रत्येक थांब्यावर दहा सेकंद जास्त गेले आणि दोन गाड्यांमधले अंतर १८० ऐवजी १९० सेकंद झाले, असे समजा. ३,६०० भागिले १९० म्हणजे जेमतेम एकोणीस गाड्या. तासाला एक गाडी कमी झाली आणि तिच्यातले हजारो प्रवासी उरलेल्या गाड्यांत वाढले. दार मिटण्यासाठी गर्दी कमी हवी, आणि दार मिटल्यामुळे गर्दी वाढण्याचा धोका! म्हणूनच दारांच्या प्रश्नाबरोबर सिग्नल, फलाट आणि गाड्यांची संख्या यांचाही विचार करावा लागतो.

आपोआप मिटणारे दार कसे चालते?

आता यंत्राकडे वळू. अशा दाराची फळी विजेच्या मोटरने किंवा दाबाखालच्या हवेने सरकवली जाते. हा झाला त्याचा हात. खरे महत्त्व आहे त्याच्या 'बुद्धी'ला. तिला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात.

पहिला प्रश्न: सर्व दारे मिटली काय? प्रत्येक दाराला एक विद्युत कळ असते. दार पूर्ण मिटून कुलूपबंद झाले, की ती जोडली जाते. गाडीतल्या सर्व दारांच्या कळा एकसर जोडणीत, म्हणजे साखळीतल्या कड्यांप्रमाणे एकामागून एक जोडलेल्या असतात. सगळ्या जोडल्या गेल्या तरच प्रवाह वाहतो आणि तरच मोटरमनला गाडी सुरू करता येते. एक दार अर्धवट राहिले तर प्रवाह नाही. आणि दारे ठीक असून मधली तार तुटली तरीही प्रवाह नाही! बिघाडाची खूण आणि धोक्याची खूण येथे एकच आहे. सिग्नलच्या हातामागचे तत्त्व ते हेच.

दुसरा प्रश्न: गाडी खरोखर थांबली आहे काय? चालत्या गाडीत दार उघडता कामा नये. यासाठी आसाला दातेरी चक्र बसवून, शेजारून जाणारे दाते मोजले जातात. दाते येणे थांबले, म्हणजे गाडी थांबली. पण येथे एक खोच आहे. मोजणारे उपकरणच बंद पडले तर? तेव्हाही दाते येणार नाहीत आणि गाडी भरधाव असताना यंत्राला ती थांबल्यासारखी वाटेल. मेलेले उपकरण येथे धोक्याच्या बाजूला बोलते. म्हणून एकाच उपकरणाच्या शून्यावर विसंबता येत नाही. एकाहून अधिक चाकांवरची मोजमापे ताडून पाहावी लागतात आणि ती जुळली तरच दार उघडण्याची परवानगी द्यावी लागते.

तिसरा प्रश्न: फटीत काही अडकले आहे काय? दार मिटताना अडथळा आला, तर मोटरवरचा भार वाढतो आणि तिच्यातला प्रवाह चढतो. तो चढलेला दिसताच दार पुन्हा उघडते. काही दारांच्या कडेला रबराची पोकळ पट्टी असते. ती दाबली गेली की आतल्या हवेचा दाब वाढतो आणि इशारा मिळतो. हात, खांदा, जाड पिशवी अशा वस्तू या यंत्रणेला कळायला हव्यात. पण ओढणीचे टोक, पदर, दप्तराचा पट्टा किंवा पावसाळी कोटाची दोरी इतकी पातळ असते, की रबरी कडांमध्ये ती सहज सामावते. दाराच्या दृष्टीने फट मिटलेली असते!

हा धोका कल्पनेतला नाही. १३ जुलै २०१९ रोजी कोलकात्याच्या पार्क स्ट्रीट मेट्रो स्थानकात एका प्रवाशाचा हात दारात अडकला आणि गाडी निघाली. १४ डिसेंबर २०२३ रोजी दिल्लीच्या इंद्रलोक मेट्रो स्थानकात एका महिलेचे वस्त्र दारात अडकले. दोघांनाही प्राण गमवावे लागले. यंत्राला कळणारी कमीत कमी जाडी कितीही लहान केली, तरी तिच्याहून पातळ काही तरी असणारच. तेवढ्यापुरते माणसाचे डोळे लागतातच: गार्डचे, ज्यांना आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, फलाटावरच्या कर्मचाऱ्यांचे आणि आपले स्वतःचेही.

अठ्ठेचाळीस दारांचे गणित

'दारात बिघाड' ही घोषणा ऐकली की लोक वैतागतात. बिघाड इतक्या वेळा का व्हावेत? संभाव्यतेचे गणित येथे उपयोगी पडते.

बारा डब्यांच्या गाडीला, एका डब्याला एका बाजूस चार याप्रमाणे, ४८ दारे आहेत असे धरू. वाटेत २५ थांबे. म्हणजे एका खेपेत ४८ गुणिले २५, म्हणजे १,२०० वेळा दारे मिटली पाहिजेत. समजा, दार इतके उत्तम आहे, की दहा हजार वेळांत एकदाच अडते. परीक्षेत दहा हजारांपैकी ९,९९९ गुण! तरीही १,२०० वेळा एकही चूक न होण्याची संभाव्यता ०.९९९९ चा १,२०० वा घात, म्हणजे सुमारे ०.८९ येते. याचाच अर्थ, सुमारे दर नऊ खेपांमागे एका खेपेत कोठले तरी एक दार अडणार. एक दार अडले की एकसर जोडणीमुळे सगळी गाडी अडणार, आणि ती अडली की मागच्या गाड्या अडणार.

म्हणून बिघडलेले दार हाताने बंद करून, कुलूप लावून, साखळीतून वगळण्याची सोय ठेवावी लागते. अशा दारावर तशी सूचना लागते आणि गाडी पुढे जाते. मात्र ही सोय जपून वापरावी लागते. दार खरोखर मिटले आहे याची खात्री न करता ते साखळीतून वगळले, तर सुरक्षिततेची सारी रचना एका कळीने फुकट जाईल. आणि आणखी एक गोष्ट या गणितातून दिसते. दार बिघडण्याचे एक मोठे कारण म्हणजे मिटत्या दारात पाय घालणे. आपण एका पायाने दहा सेकंद वाचवतो आणि मागच्या कित्येक हजारांचा वेळ घालवतो.

बंद दार आणि उघडे दार: जपानचे दोन धडे

येथवर आपण बंद दाराच्या बाजूने बोललो. पण दार मिटले, की आतल्या माणसाची सुटका यंत्राच्या हाती जाते. हे किती गंभीर ठरू शकते, ते जपानने सुमारे अकरा वर्षांच्या अंतराने दोनदा अनुभवले. तेथील विजेच्या गाड्यांना आपोआप मिटणारी दारे पूर्वीपासून होती.

२४ एप्रिल १९५१ रोजी योकोहामा शहरात साकुरागिचो स्थानकाजवळ वरच्या विद्युत तारेच्या दुरुस्तीचे काम चालू होते. लोंबकळलेल्या तारेत येणाऱ्या गाडीचा पेंटोग्राफ अडकला, ठिणग्या उडाल्या आणि पहिला डबा पेटला. दारे उघडेनात. खिडक्यांची तावदाने अशी होती, की त्यांतून माणूस बाहेर पडू शकत नव्हता. दार हाताने सोडवण्याची कळ गाडीत होती. पण ती कोठे आहे हे प्रवाशांना ठाऊक नव्हते. १०६ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर त्या कळीच्या जागी ठळक पाट्या लावण्यात आल्या आणि तिची माहिती सर्वांना देण्यात आली.

आता दुसरा प्रसंग पाहा. ३ मे १९६२ च्या रात्री टोकियोतील मिकावाशिमा स्थानकाजवळ एक मालगाडी धोक्याचा सिग्नल ओलांडून घसरली आणि शेजारच्या मार्गावरची प्रवासी गाडी तिच्यावर आदळली. हा अपघात त्या मानाने लहान होता. प्रवाशांना आता सुटकेची कळ माहीत होती. त्यांनी ती फिरवली, दारे उघडली आणि ते खाली उतरून रुळांवरून चालू लागले. काही मिनिटांतच समोरून दुसरी प्रवासी गाडी आली. एकूण १६० माणसे प्राणास मुकली.

पहिल्या वेळी दार उघडले नाही म्हणून माणसे गेली. दुसऱ्या वेळी दार उघडून ती रुळांवर उतरली म्हणून गेली. कळ तीच, ज्ञान तेच, परिस्थिती मात्र वेगळी. मिकावाशिमानंतर जपानने धोक्याच्या सिग्नलपाशी गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा सर्वत्र बसवण्याचे काम वेगाने हाती घेतले. दाराचा प्रश्न नुसत्या दारात सुटत नाही, हे तेथील अभियंत्यांनी ओळखले. एक गाडी अडली, की शेजारच्या मार्गावरची गाडी थांबलीच पाहिजे. तरच उघडे दार सुरक्षित.

करून पाहा

साहित्य: टॉर्चचे दोन सेल, एक लहान दिवा, तार आणि चार कळा. कळा नसल्यास पत्र्याच्या पट्ट्या चालतील.

प्रयोग १: चारही कळा एकसर जोडा. 'दार मिटले' म्हणजे कळ जोडली, असे ठरवा. चारही दारे मिटली की दिवा लागेल. आता एखादी तार सोडवा. दिवा विझेल आणि तुम्ही गाडी सोडणार नाही.

प्रयोग २: चारही कळा समांतर जोडा. या वेळी 'दार उघडे' म्हणजे कळ जोडली, असे ठरवा. कोणतेही दार उघडले की धोक्याचा दिवा लागेल. ही रचनाही पहिल्या दृष्टीस ठीक वाटते. आता सेलची तार सोडवा आणि एक दार उघडा. दिवा लागणार नाही. दार उघडे असूनही तुम्ही 'सर्व ठीक' म्हणून गाडी सोडाल!

दोन्ही परिपथांत साहित्य तेच आहे. तार तुटल्यावर कोणता परिपथ खरे बोलतो, एवढाच फरक. वर्गात हा प्रयोग करताना तार सोडवण्याचे काम एका विद्यार्थ्याने इतरांना न दिसेल असे करावे आणि बाकीच्यांनी गाडी सोडायची की नाही ते सांगावे. म्हणजे मुद्दा चांगला ठसेल.

आता तुमचे उत्तर काढा

सुरुवातीला वहीत लिहिलेले उत्तर पाहा. 'बंद' लिहिले असेल, तर साकुरागिचोचा डबा आठवा. 'उघडे' लिहिले असेल, तर मुंब्र्याचे वळण आणि मिकावाशिमाचे रूळ आठवा. गाडी चालत असेल तर बंद. गाडी फलाटाला उभी असेल तर उघडे. डब्यात आग असेल तर उघडे, पण शेजारचा मार्ग थांबवून. आणि नुसती गाडी मध्येच थांबली असेल तर बंद, पण आत हवा खेळती ठेवून. सिग्नलला एक सुरक्षित बाजू असते. दाराची सुरक्षित बाजू परिस्थितीप्रमाणे बदलते. म्हणून ते मिटवण्याइतकीच, ते केव्हा आणि कोणी उघडावे याचीही काळजी घ्यावी लागते.

तुमच्यापैकी अनेक जण शाळेला किंवा शिकवणीला लोकलने जात असतील. दप्तर पोटाशी धरा, ओढणी आणि पट्टे आवरून घ्या, मिटत्या दारात हात-पाय घालू नका आणि उघड्या दारापासून दूर, कडीला धरून उभे राहा. गाडी मध्येच थांबली, तर सूचना मिळाल्याशिवाय रुळांवर उतरू नका. आणि डब्यात शिरल्यावर सुटकेची कळ कोठे आहे ते एकदा पाहून ठेवा. गरज पडेल तेव्हा शोधायला वेळ नसतो.

सोडवा पाहू

१. गाडीचा वेग ताशी ३६ किलोमीटर असताना खांबावर आपटणे किती उंचीवरून पडण्यासारखे आहे? वेग निम्मा झाल्यावर उंची किती पट कमी झाली, आणि का?

२. वळणाची त्रिज्या ४०० ऐवजी ८०० मीटर असती, तर दोन गाड्यांमधले अंतर किती सेंटिमीटरने कमी झाले असते?

३. दार एक लाख वेळांत एकदाच अडत असेल, तर अंदाजे किती खेपांमागे एकदा गाडी अडेल?

४. तुमच्या घरात किंवा शाळेत असे एखादे उपकरण शोधा, की जे बंद पडल्यावर 'सर्व ठीक' असेच दाखवते. त्याची रचना तुम्ही कशी बदलाल?